एक वाजून पाच मिनिटांनी बंद केलेल्या बटणाबाबत

सर्वांत आधी एक दुरुस्ती.

दिनांक २ फेब्रुवारी २०२५ रोजी आमच्या घरी बैठक झाली, तेव्हा मी एक कागद लिहून दिला होता. त्यात असं लिहिलं आहे की, १३ जानेवारीला, सोमवारी, मी दुपारी साडेबाराला कामावर निघाले, निघताना बाबांचं ऑक्सिजनचं मशीन चालू होतं, आणि माझ्यामागे घरात बाबा आणि अंजलीवहिनी असे दोघंच होते. खाली माझी सही आहे. तो कागद खोटा आहे. मी एक वाजून पाच मिनिटांनी निघाले. मशीनचं बटण निघताना मी बंद केलं. वहिनी तेव्हा गच्चीवर होती.

ही दुरुस्ती वाचल्याशिवाय कोणीही पुढचं वाचू नये आणि यातली कोणतीही वस्तू घेऊ नये.

मी, चैताली भिकन शेजवळ, वय २७, अविवाहित, नोकरी करणारी, राहणार तक्षशिला कॉलनी, उपनगर, नाशिक, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. लिहिण्यासाठी मला कोणी भरीस घातलेलं नाही. लिहू नकोस म्हणून मात्र एका व्यक्तीने हात धरला, ते पुढे येईल. लहानपणी झालेल्या तापाने माझ्या हृदयाची एक झडप खराब झाली आहे आणि येत्या बुधवारी, २४ सप्टेंबरला, ती बदलायची आहे. शंभरातले अठ्ठ्याण्णव जण ठणठणीत होतात असं डॉक्टर सांगतात. उरलेल्या दोघांत स्वतःला धरायची माझी जुनी खोड आहे. त्यानंतरच्या रविवारी, २८ तारखेला, दोन्हीकडची माणसं बसणार आहेत आणि वहिनीचं सामान येवल्याला परत जाणार आहे. म्हणजे माझा भाऊ अश्विन आणि ती कायमचे वेगळे होणार. मी ऑपरेशनच्या टेबलावरून उठले नाही, तर सासऱ्याचा जीव घेणारी सून म्हणून ती जन्मभर जगेल, आणि ते खोटं आहे हे सांगणारं कोणी उरणार नाही. म्हणून हे लिहिणं.

कलम १. घर.

आमचं घर खाली दोन खोल्या, वर एक खोली आणि गच्ची एवढं आहे. बाबांनी ते अश्विनच्या आणि माझ्या नावावर निम्मं निम्मं केलं. मला निम्मं का दिलं, हे त्यांनी स्वतःच्या मृत्युपत्रात एका ओळीत लिहिलं आहे: "चैतालीच्या हातून या घरात कधी दिवा वाया गेला नाही." ती ओळ वाचताना वकिलांना हसू आलं होतं.

बाबा वीज मंडळात मीटर रीडर होते. मी शाळेत जायच्या आधी आकडे शिकले ते पाटीवर नव्हे, मीटरवर. ते मला कडेवर घेत, मीटरच्या काचेवर बोट ठेवत आणि विचारत, "हा कोण?" मी म्हणायची, "सात." "आणि हा पळतोय तो?" "तो तांबडा." तांबड्या चौकटीतला आकडा हळू पळाला की बाबा खूश. निफाड तालुक्यातल्या त्यांच्या गावी विजेचे खांब बौद्धवस्तीतून गेले, तारा घरांवरून गेल्या, आणि दिवे लागले ते पलीकडे गावात. वस्तीत वीज यायला आणखी अकरा वर्षं गेली. त्यामुळे रिकाम्या खोलीत पंखा फिरताना दिसला की बाबांचा चेहरा कोणी ताटाला लाथ मारल्यासारखा व्हायचा. ते कधी ओरडले नाहीत. फक्त म्हणायचे, "कोणाच्या तरी डोक्यावरून आलीय ती."

मीटरच्या खिळ्याला एक वही टांगलेली असे. आम्ही तिला बटणवही म्हणत असू. जो दिवा, पंखा किंवा गिझर चालू विसरेल त्याने स्वतः तिथे जाऊन आपलं नाव, बटण आणि वेळ लिहायची. नियम एकच होता: दुसऱ्याचं नाव कोणी लिहायचं नाही. चूक ज्याची, अक्षर त्याचं. माझं नाव त्या वहीत बारा वर्षांत तीनदा आहे. मला त्याचा अभिमान होता. आता तो लिहितानाही लाज वाटते.

माझा घरातला संपूर्ण निम्मा हिस्सा मी सौ. अंजली अश्विन शेजवळ हिला देत आहे. तिला एकटीला, तिच्या नावाने. ती अश्विनबरोबर राहो अथवा न राहो, तिने दुसरं लग्न करो अथवा न करो, याचा त्या हिश्श्याशी संबंध नाही. दिवा वाया न घालवल्याबद्दल मिळालेलं घर माझ्याकडे राहू शकत नाही.

कलम २. १३ जानेवारी.

हे कलम मालमत्तेचं नाही. पण हे नसेल तर कलम १ कोणाला कळणार नाही.

वहिनीच्या माहेरी पैठणीचा माग आहे. मागावर डोळे लावून बसायचं तर वर दिवा लागतोच, भर दुपारीसुद्धा. लग्नाच्या पहिल्या महिन्यात बाबांनी तिला विचारलं, "बेटा, उजेड असताना दिवा कशाला?" ती म्हणाली, "आमच्याकडे दिवा बंद म्हणजे काम बंद, बाबा. बंद बटण दिसलं की मला कोणीतरी आजारी पडल्यासारखं वाटतं." बाबा हसले. मी नाही हसले. बटणवहीत तिचं नाव वर्षभरात एकेचाळीस वेळा आहे, सगळं तिच्याच अक्षरात, एकदाही कुरकुर न करता. दोनदा तर तिने शेजारी हसरा चेहरा काढला आहे.

बाबांची फुप्फुसं गेल्यावर मशीन आलं. ते दिवसाला आठ युनिट खातं, हे बाबांना पहिल्याच दिवशी कळलं. मग दुपारी ते मला खुणेने बोलवायचे. "चैतू, जरा बंद कर. बसल्या बसल्या श्वास येतोय माझा." आणि मी दहा मिनिटं बंद करायचे. हो, करायचे. वहिनीने एकदा पाहिलं आणि मशीनसमोर उभी राहिली. "बाबा, मोजायचं असेल तर माझे पंखे मोजा. हे मोजायचं नाही." बाबा म्हणाले, "अगं, केवढं खातं ते!" ती म्हणाली, "खाऊ द्या. तुम्ही जेवायला कमी करता, ते तरी जेवू दे." या घरात ज्या एका माणसाने ते मशीन कधी म्हणजे कधीच बंद केलं नाही, ती वहिनी. आणि ठपका तिच्यावर आहे.

त्या सकाळी बाबांच्या पलंगाजवळच्या सॉकेटमधून ठिणग्या उडाल्या. अश्विनने गिझरचा प्लग काढला, तिथे एक्स्टेन्शन लावून वायर दरवाजाच्या वरून बाबांच्या खोलीत नेली आणि मशीन त्यावर चालू केलं. त्याला सातपूरला कंपनीत पहिल्या पाळीला जायचं होतं. जाताना त्याने वहिनीला सांगितलं, "चैतूला सांग." वहिनीने सांगितलं. मी केस पुसत होते. ती म्हणाली, "ताई, आज गिझर लावू नका हं, तिथे बाबांचं मशीन आहे." मी "बरं" म्हणाले. तिने मला सांगितलं नाही असं मी कुठेही लिहिलेलं नाही. पण तिने सांगितलं होतं असंही लिहिलं नाही. दोन्हींत फरक आहे असं मी आठ महिने स्वतःला समजावत आले.

गंगापूर रोडवरच्या एका दाताच्या दवाखान्यात मी काउंटरवर बसते. माझी पाळी दोनची. एक वाजून पाच मिनिटांनी हेल्मेट घालून मी बोळातून निघाले आणि बाथरूमबाहेर गिझरच्या बटणाचा लाल दिवा जळताना दिसला. वीस वर्षं तो दिवा दिसला की माझा हात आपोआप जातो. तो गेला. डोक्याला विचारलंच नाही. मी मोठ्याने म्हणालेसुद्धा, "पुन्हा गिझर! धन्य आहे बाईची." मशीन बंद पडलं की वाजतं. काहीतरी वाजलं होतं. हेल्मेटमुळे ऐकू आलं नाही असं मी पुढे ठरवलं. खरं म्हणजे मला वाटलं, बाहेर कोणी टेम्पो मागे घेतंय.

आणि मग मी आणखी एक गोष्ट केली. मी बटणवही घेतली आणि लिहिलं: "अंजली. गिझर. १.०५." दुसऱ्याचं नाव. या घरात असं लिहिणारी मी पहिली.

वहिनी गच्चीवर हाताने गोधड्या धूत होती, कारण वॉशिंग मशीन गोधड्यांना फार फिरवावं लागतं म्हणून मीच ते तिला लावू देत नव्हते. ती एक चाळीसला खाली आली. तिने बटण चालू केलं, लहान सिलिंडर जोडला, रिक्षा आणली. बाबा चौथ्या दिवशी, गुरुवारी, दवाखान्यातच वारले. डॉक्टर म्हणाले, एरवीही फार दिवस नव्हते. हे वाक्य मला कोणी सांत्वन म्हणून वापरू नये. ते फार दिवस नसलेले दिवस बाबांचे होते.

बाबांना भरती केल्यावर त्या सोमवारी घरी पहिली मी पोचले. मी वहीतलं ते पान फाडलं.

कलम ३. ते पान.

ते पान माझ्या कपाटातल्या निळ्या फाइलमध्ये आहे. त्यावर माझं अक्षर आणि वेळ आहे. ते वहिनीला द्यावं. तिने ते हवं तर ठेवावं, हवं तर साऱ्या येवल्याला दाखवावं.

कलम ४. पुंजाकाका.

माझे काका श्री. पुंजा शेजवळ यांनी २ फेब्रुवारीची बैठक भरवली. "तोंडी नको, कागदावर पाहिजे, मंग कोनी फिरनार नाय," असं त्यांचं म्हणणं. सगळ्यांसमोर ते वहिनीला म्हणाले, "तुला लाइटीची किंमत कधी कळली होती का, पोरी? लय बोलले सगळे म्हनून रागानं बटन दाबलं, आन नेमकं भलतंच दाबलं. कबूल कर, मोकळी हो." वहिनी म्हणाली, "मी बंद नाही केलं, काका. चालू करायला मला उशीर झाला, तेवढं माझं आहे." मग काकांनी माझा कागद वाचून दाखवला. साडेबारा. घरात दोघंच.  तिने पिशवी भरली तेव्हा कोणी जा म्हणालं नाही, राहा असंही म्हणालं नाही.

काकांच्या गावच्या घरी आकडा टाकून हिटर चालतो, हे बाबांना ठाऊक होतं. मीटर रीडर असूनही भावाची तक्रार त्यांनी केली नाही, आणि त्यासाठी स्वतःला माफही केलं नाही. माझा टेबलफॅन मी काकांना देते. अट एवढीच की तो मीटरवर चालवावा.

कलम ५. आई.

माझी बँकेतली सर्व शिल्लक आणि भविष्यनिर्वाह निधी माझी आई लताबाई हिला.

आई, तू त्या दिवशी बारापासून गिरणीत दळणाच्या रांगेत होतीस. गिरणीच्या कोपऱ्यावर तू मला थांबवलंस. "अगं, एवढ्या उशिरा? सव्वा वाजत आला." तुला वेळ माहीत होती. बैठकीच्या आदल्या दिवशी तू तांदूळ निवडत होतीस आणि मान वर न करता म्हणालीस, "साडेबारा लिही."

मी म्हणाले, "आई, आणि वहिनी?"

"तुझं लग्न व्हायचंय. तिचं झालंय."

मी लिहिलं. तू सांगितलंस म्हणून लिहिलं असं मी म्हणणार नाही. हात माझा होता. परवा मी हे कागद घेऊन बसले तर तू माझा हात धरलास. "ते गेले, चैतू. आता तू पण जायला निघालीस का? ऑपरेशन होऊ दे, मग बघू." आई, ऑपरेशननंतर मी जिवंत असले तर मला पुन्हा भीती वाटायला लागेल. मी स्वतःला ओळखते. आता मरणाची भीती मोठी आहे म्हणून बाकीच्या भीती लहान दिसतात. हेच दिवस आहेत माझ्याकडे.

तुझ्यावर माझा राग आहे आणि तुझ्याशिवाय मला झोप येत नाही, या दोन्ही गोष्टी या मृत्युपत्रात नोंदवून ठेवते. पंखा लावून झोपत जा. गुडघ्यांना गरम पाणी घेत जा, गार नको.

कलम ६. अश्विन.

स्कूटर, बाबांचा टेस्टर, त्यांची टॉर्च आणि रीडिंगची कातडी पिशवी अश्विनला.

दादा, बैठकीनंतर तू माझ्या खोलीच्या दारात उभा राहून म्हणालास, "तुझ्यामुळे मला निदान खरं कळलं." त्या वाक्यानंतर मी नीट जेवलेले नाही. तीनदा तुला सांगायला आले. एकदा तू मोबाइलवर लग्नाचे फोटो पुसत होतास. एकदा आई मध्ये आली. एकदा काहीच आडवं आलं नाही आणि तरी मी "चहा घेतोस का?" असं विचारून परत गेले.

तू मला माफ करावंस असं मी इथे मागत नाही. मृत्युपत्रात माणूस देतो, मागत नाही. फक्त २८ तारखेची बैठक होऊ देऊ नकोस. वहिनी परत येईल की नाही, हे तिने ठरवायचं आहे. न आली तर तो तिचा हक्क आहे, आणि तिच्या नावावर निम्मं घर आहे.

कलम ७. दवाखान्यातल्या सूचना.

मला मशीन लावावं लागलं तर ते किती वीज खातं हे माझ्या घरच्यांपैकी कोणीही विचारू नये. डॉक्टर सांगतील तोपर्यंत चालू ठेवावं आणि डॉक्टर सांगतील तेव्हा बंद करावं. बंद करायला आमच्या घरातल्या कोणाचाही हात नसावा. माझे डोळे दान करावेत. विधी आपल्या धम्माप्रमाणे, साधा. माझ्या फोटोसमोर लावलेला दिवा कोणी विझवायला धावू नये.

मागच्या आठवड्यात वहिनीचा निरोप आला. कोणाकडून तरी तिला ऑपरेशनचं कळलं होतं. "ताई, काळजी घ्या. दवाखान्यात पंखा हवा तेवढा लावा, तिथे वही नसते." मी तो निरोप किती वेळा वाचला ते लिहीत नाही. उत्तर दिलेलं नाही. या कागदाशिवाय काय उत्तर देणार?

कलम ८. व्यवस्था.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी शेजारी राहणारे निवृत्त एसटी कंडक्टर श्री. सावळीराम केदारे यांनी करावी. मूळ प्रत त्यांच्याकडे राहील. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. यापूर्वी केलेला २ फेब्रुवारीचा कागद मी रद्द करते.

पण मी मेले तरच हे उघडावं, असं यात कुठेही नाही. मेल्यावर खरं बोलणं फार सोपं आहे, तेवढ्यावर मला सुटायचं नाही. मी हे वहिनीला तिच्या घरी जाऊन स्वतः वाचून दाखवणार आहे. ~~लवकरच.~~

सही: चैताली भिकन शेजवळ

साक्षीदार:
१. सावळीराम केदारे (सही)
२. फुलाबाई नवनाथ मोरे (सही)

स्थळ: उपनगर, नाशिक
दिनांक: गुरुवार, १८ सप्टेंबर २०२५

साक्षीदारांसमोर केलेली भर:

साक्षीदाराला मजकूर वाचावा लागत नाही, फक्त माझी सही होताना पाहायची असते, असं मी केदारेमामांना आणि गल्लीतल्या फुलाबाईंना सांगितलं. फुलाबाई म्हणाल्या, "न वाचता मी दुधाच्या कार्डावर सही करत नाय." तेव्हा सावळीराममामांनी सगळं मोठ्याने वाचलं. मी भिंतीकडे बघत उभी होते. वाचून झाल्यावर मामांनी चष्मा काढला आणि पुसतच राहिले. फुलाबाई माझ्याकडे वळल्या. मग म्हणाल्या, "आम्ही समद्या नळावर त्या पोरीला काय काय बोललो गं. तू ऐकत होतीस."

मी म्हणाले, "हो."

"आन पानी भरून जायचीस."

"हो."

 त्यांनी कागद हातात घेतला, शेवटच्या कलमावर बोट ठेवलं आणि मामांना विचारलं, "हे काय लिवलंय?"

"लवकरच."

"लवकरच म्हंजे कधी? आठ महिने लवकरच चाललंय हिचं. खोड ते. तारीख टाक, तर मी सही करीन."

मी म्हणाले, बुधवारी ऑपरेशन आहे, दवाखान्यात मंगळवारी भरती व्हायचं आहे, शुक्रवारी तपासण्या आहेत, शनिवारी आईला... फुलाबाईंनी पेन माझ्या हातात दिलं. मामा म्हणाले, "सकाळी सव्वासातची येवला गाडी असते. दहाच्या आत पोचवते. मी येतो स्टँडपर्यंत." फुलाबाई म्हणाल्या, "स्टँडपर्यंत नाय, गाडीत बसवून या. दार लागेपर्यंत."

म्हणून वर "लवकरच" हा शब्द मी माझ्या हाताने खोडला आहे, शेजारी छोटी सही केली आहे, आणि त्या जागी असं वाचावं: रविवार, दिनांक २१ सप्टेंबर २०२५.